स्पेसबारच्या उजवीकडचा ऑल्ट कशासाठी असतो?

सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या आडत बाजारात रात्री आठ-नऊपर्यंत काटे चालू असतात. माझी भाची तिथल्या एका आडतीवर हिशेबाला बसते. मागच्या हंगामात एके रात्री तिचा फोन आला.

"मामा, हिशेबाच्या पट्टीवर रुपयाचं चिन्ह टाकायचंय. चारच्या बटणावर छापलेलं दिसायलंय, पण नुसतं दाबलं तर चार येतो आणि शिफ्ट धरून दाबलं तर डॉलर. रुपया कुठून आणू?"

मी म्हटलं, "शिफ्ट सोड. स्पेसबारच्या उजव्या अंगाला ऑल्ट आहे ना, तो धरून ठेव आणि मग चार दाब."

"काहीच होईना."

मग तिला पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतं ते वाचायला सांगितलं. 'ई-एन-जी', आणि त्याखाली 'यू-एस'. घोळ तिथं होता. तो बदलून 'आय-एन' करायला लावला. तिनं पुन्हा तीच दोन बटणं दाबली आणि ₹ उमटला.

कीबोर्ड तोच, बटणं तीच, बोटंही तीच. मग आधी का येत नव्हता? आणि एकाच नावाची दोन बटणं असताना डावीकडचा ऑल्ट का चालत नाही? टायपिंग शिकवताना हा प्रश्न मला इतक्या वेळा भेटलाय की एकदा तो मुळापासून सांगावा असं वाटलं. त्यातच गेल्या दोनेक वर्षांत नव्या लॅपटॉपवर स्पेसबारच्या उजवीकडे एक अनोळखी कळ दिसायला लागली आहे, त्यामुळे "तिकडचं नेमकं कोणतं बटण कशाचं?" हा गोंधळ वाढला आहे.

एकटी दाबली तर काहीच लिहीत नाही

कीबोर्डवरच्या बहुतेक कळी दाबल्या की काहीतरी उमटतं. काही कळी मात्र अशा आहेत की नुसत्या दाबल्या तर पडद्यावर एक टिंबसुद्धा येत नाही. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या त्यातल्या. त्या धरून ठेवायच्या आणि दुसरी कळ दाबायची, म्हणजे त्या दुसऱ्या कळीचा अर्थ बदलतो. इंग्रजीत यांना 'मॉडिफायर की' म्हणतात. मी वर्गात 'सोबतीची कळ' म्हणतो, इथंही तेच म्हणेन.

मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. काना एकटा उभा केला तर त्याला काही उच्चार नाही. तोच क-ला दिला की का होतो, म-ला दिला की मा होतो. वेलांटीचं तेच, उकाराचं तेच. फरक एवढाच की काना आपण अक्षरानंतर देतो आणि सोबतीची कळ अक्षराच्या आधी धरावी लागते.

शेतात पाणी धरणाऱ्याला आणखी जवळचा दाखला देतो. विहिरीवर मोटर एक, स्टार्टर एक. पाइपलाइनवरचा एक कॉक उघडला तर पाणी ज्वारीला जातं, दुसरा उघडला तर हरभऱ्याला. स्टार्टरचं बटण दरवेळी तेच दाबायचं, पाणी कुठं जाणार हे कॉक ठरवतो. चारची कळ म्हणजे स्टार्टर. शिफ्ट आणि उजवा ऑल्ट हे कॉक. एकही कॉक फिरवला नाही तर ४, शिफ्टचा फिरवला तर डॉलर, उजव्या ऑल्टचा फिरवला तर रुपया.

सोबतीच्या कळींची दोन घराणी आहेत, आणि हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं सोपं जातं. शिफ्ट आणि उजवा ऑल्ट हे अक्षर बदलतात. कंट्रोल, डावा ऑल्ट आणि विंडोजची कळ हे हुकूम देतात: कंट्रोल धरून सी म्हणजे नक्कल घे, डावा ऑल्ट धरून टॅब म्हणजे दुसऱ्या खिडकीत जा. पहिलं घराणं लिहिण्याचं, दुसरं काम करवून घेण्याचं.

शिफ्ट म्हणजे खरोखरच सरकवणं

सुरुवातीच्या रेमिंग्टन टाइपरायटरवर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरं होती. १८७८ साली आलेल्या रेमिंग्टन क्रमांक दोनवर लहान अक्षरंही आली, पण कळी दुप्पट झाल्या नाहीत. प्रत्येक दांडीच्या टोकावर दोन अक्षरं कोरली, एक वर आणि एक खाली. एक विशेष कळ दाबली की कागदाचा रूळ असलेला गाडा जागचा सरकायचा आणि दांडीवरचं दुसरं अक्षर कागदावर आदळायचं. शिफ्ट हे नाव त्या सरकण्यावरून पडलं. आजच्या कीबोर्डमध्ये काहीही सरकत नाही, नाव मात्र राहिलं.

त्याच काळात कॅलिग्राफ नावाचं एक यंत्र बाजारात होतं. त्यात मोठ्या आणि लहान अक्षरांना वेगवेगळ्या कळी दिल्या होत्या. शिकायला सोपं वाटेल, पण बोटांना दुप्पट मैदान फिरावं लागायचं. टिकली ती शिफ्टची पद्धत. "एवढ्या जोड्या लक्षात ठेवण्यापेक्षा जास्तीची बटणंच का देत नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर त्या दोन यंत्रांच्या शर्यतीत मिळालेलं आहे. हात जागेवरून हलू नयेत, हे टायपिंगमधलं सगळ्यात मोठं सुख.

आता गंमत बघा. मराठीत मोठी आणि लहान अक्षरं नाहीतच. मग आपल्याला शिफ्टचं काय काम? आपल्या सरकारमान्य मांडणीचं नाव इनस्क्रिप्ट. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात ती आली. ती ज्यांनी आखली त्यांनी हा मोकळा झालेला शिफ्ट अतिशय सुंदर वापरला आहे. के-च्या कळीवर क, शिफ्ट धरला की ख. आय-वर ग, शिफ्टने घ. एल-वर त, शिफ्टने थ. ओ-वर द, शिफ्टने ध. एच-वर प, शिफ्टने फ. म्हणजे तोंडातली जागा तीच आणि शिफ्ट धरला की अक्षरात ह-ची फुंकर मिसळते. शाळेत पाठ केलेली वर्णमाला त्या कळींमध्ये जशीच्या तशी बसलेली आहे. डाव्या हाताकडे स्वर: नुसतं दाबलं तर वेलांटी, शिफ्टने पूर्ण इ. नुसतं दाबलं तर उकार, शिफ्टने उ. वर्गात हे पहिल्यांदा सांगतो तेव्हा एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलंसुद्धा कीबोर्डवर वाकून बघतात.

आणखी एक. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. तिकडच्या कुणी आपापल्या लिपीत इनस्क्रिप्ट लावली तरी क के-वरच सापडतो.

'शेतकऱ्यांना' हा शब्द आणि एक शिफ्ट

या लेखाचा विषय उजवा ऑल्ट असला तरी इथं थोडं थांबतो, कारण सोबतीची कळ न कळल्याचं सगळ्यात मोठं नुकसान आपल्या भागात या शब्दाचं झालंय.

बियाण्याच्या दुकानाचा फलक बघा, मदतीच्या अर्जाचा नमुना बघा, सभेचं बॅनर बघा. 'शेतकर्यांना' असं लिहिलेलं किती ठिकाणी दिसतं! र-चा रफार होऊन तो य-च्या डोक्यावर चढतो. हवं असतं 'शेतकऱ्यांना', तिथं र अर्ध्या चंद्रकोरीसारखा य-ला बिलगलेला असतो. दोन्हींचे उच्चार वेगळे आणि कधी कधी अर्थही वेगळे. आचाऱ्यांना लग्नाच्या स्वयंपाकाचं सांगायचं असतं, आचार्यांना नमस्कार करायचा असतो. मराठवाड्याला दर्या नाही, बालाघाटाच्या दऱ्या आहेत.

हा अर्धा र कुठं असतो? इनस्क्रिप्टमध्ये जे-च्या कळीवर र आहे. नुसतं जे, मग हलन्तासाठी डी, मग य: झालं 'र्य'. जे दाबताना शिफ्ट धरला तर खाली नुक्ता असलेला ऱ येतो, त्यापुढे डी आणि य दाबलं की 'ऱ्य'. फरक एका शिफ्टचा आहे. तो शिफ्ट कुणी सांगितला नाही म्हणून ज्याच्या नावानं अर्ज छापला त्याचंच नाव चुकीचं लिहिलं जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. टाइप करणाऱ्या मुलांचा यात दोष नाही. त्यांना परीक्षेसाठी वेग शिकवला जातो, कीबोर्डचे मजले (नुसती कळ हा पहिला, शिफ्ट धरून दाबलेली कळ हा दुसरा) कुणी फिरून दाखवत नाही.

दोन मजले पुरेनात

इंग्रजीपुरतं बोलायचं तर दोन मजले अगदी मापात बसतात. अमेरिकी कीबोर्डवर चिन्ह उमटवणाऱ्या कळी ४७ आहेत. प्रत्येकीचे दोन अर्थ धरले तर ९४. त्यात स्पेसबारची मोकळी जागा मिळवली की ९५. आणि आस्की नावाची कॉम्प्युटरची इंग्रजी चिन्हांची जुनी यादी आहे, तिच्यात छापता येणारी चिन्हं नेमकी ९५ आहेत. अमेरिकेतल्या माणसाला तिसऱ्या मजल्याची गरजच पडली नाही. तिथल्या मांडणीत उजवा ऑल्ट हा डाव्याचा जुळा भाऊ आहे आणि जे डावा करतो तेच तो करतो. भाचीच्या कॉम्प्युटरवर 'यू-एस' होतं तेव्हा रुपया आला नाही, त्याचं हे कारण.

पण जगाला ९५ चिन्हं पुरत नाहीत. जर्मन माणसाला टिंबंवाली स्वरांची अक्षरं रोज लागतात. त्यांना कीबोर्डवर स्वतःच्या कळी दिल्या, तर तिथं आधी राहणारे कंस कुठं जाणार? पोलिश भाषेत शेपटीचा ए आणि आडव्या रेघेचा एल आहे. त्यांच्यासाठी वरती आणखी एक मजला बांधला गेला आणि त्याचा जिना म्हणून स्पेसबारच्या उजवीकडचा ऑल्ट निवडला. त्या कळीला तिकडे 'ऑल्ट-जीआर' म्हणतात, पूर्ण नाव ऑल्टरनेट ग्राफिक, म्हणजे पर्यायी चिन्हाची कळ. तिकडच्या कीबोर्डवर ते नाव छापलेलं असतं, आपल्याकडे बहुधा नुसतं ऑल्ट छापतात.

जर्मन मांडणीत ईमेलच्या पत्त्यातलं @ हे चिन्ह उजवा ऑल्ट धरून क्यू दाबल्यावर येतं. पोलिश मांडणीत उजवा ऑल्ट धरून ए दाबला की शेपटीचा ए. ब्रिटनमध्ये उजवा ऑल्ट आणि चार दाबलं की युरोचं € येतं.

चार! आपल्या रुपयालाही तीच खुर्ची मिळाली. रुपयाचं चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. ते डी. उदय कुमार यांनी रेखाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक पक्का क्रमांक देणारी यादी. क्रमांक मिळाला, पण कीबोर्डवर राहायला जागा? पहिला मजला भरलेला, दुसरा भरलेला. तिसऱ्यावर डॉलरच्या बरोबर वर खोली मोकळी होती. इंग्रजीच्या भारतीय मांडणीत रुपया तिथं राहायला गेला.

देवनागरीचं गणित करून बघा. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेल्या मुख्य पट्ट्यात १२८ जागा आहेत. त्यात मराठीबरोबर हिंदी, संस्कृत, सिंधी, काश्मिरी अशा भाषांची अक्षरंही येतात. त्यावर विरामचिन्हं वेगळी, इंग्रजी अंक वेगळे. दोन मजल्यांच्या ९४ खोल्यांत हे कुटुंब मावणार नाही. म्हणून युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट सुधारली तेव्हा उजव्या ऑल्टचा मजला आपल्या मांडणीतही वापरात आला. आणि उजवा ऑल्ट व शिफ्ट दोन्ही एकत्र धरले की चौथा. माळवदावर खोली चढवली, आणि तिच्यावर आणखी एक.

एका नावाची दोन माणसं

मग डावा ऑल्टच का नाही वापरला? कारण तो आधीच कामाला लावलेला होता. डावा ऑल्ट धरून एफ-चार दाबलं की खिडकी बंद होते, टॅब दाबलं की दुसरी उघडते, अक्षर दाबलं की मेनू उघडतो. त्यालाच अक्षरं लिहायलाही लावलं असतं तर रुपया लिहायला जावं आणि भलताच हुकूम सुटावा असं झालं असतं. गावात एका नावाचे दोघे असले की लोक एकाला थोरला, दुसऱ्याला धाकटा म्हणतात आणि कामं वाटून देतात. इथं थोरला डावा, तो हुकमाचा. धाकटा उजवा, तो लिहिण्याचा.

कॉम्प्युटरला हे दोघे वेगळे ओळखू येतात का? येतात. यूएसबीचा कीबोर्ड कॉम्प्युटरला सतत छोटे निरोप पाठवतो. त्याच्या सगळ्यात साध्या निरोपात पहिल्यांदा आठ खुणा असतात: डावा कंट्रोल, डावा शिफ्ट, डावा ऑल्ट, डावी विंडोज, आणि उजव्या बाजूच्या त्याच चार. कोणती धरलीय, कोणती सोडलीय, एवढंच त्यात असतं. त्यापुढे बाकीच्या कळींसाठी सहा जागा. म्हणजे सोबतीच्या कळी इतरांच्या गर्दीत बसतच नाहीत, त्यांना आधीपासून राखीव बाक आहे आणि त्यात डाव्या-उजव्याची नोंद वेगळी आहे.

काही छोट्या लॅपटॉपवर उजवा ऑल्ट नसतो किंवा बिघडलेला असतो. विंडोजमध्ये त्यावर सोय आहे. कंट्रोल आणि डावा ऑल्ट एकत्र धरले तर ते उजव्या ऑल्टच्या बरोबरीचं मानलं जातं. भारतीय मांडणी लावलेली असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि चार यांनीही रुपया येतो. मॅकवर ऑल्टचंच नाव ऑप्शन आहे आणि तिथं डावा-उजवा दोन्ही ऑप्शन अक्षरं लिहितात, कारण हुकमांसाठी कमांड नावाची कळ वेगळी आहे.

जुन्या टायपिस्ट मंडळींचा एक गैरसमज इथंच दूर करतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरांसाठी ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या कळींवर चार आकडी संख्या मारावी लागायची. अनेकांनी त्या संख्यांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली मी बघितली आहे. तो उपाय डाव्या ऑल्टचा आणि आकड्यांचा होता. तिसऱ्या मजल्याशी त्याचा संबंध नाही. युनिकोडमध्ये मराठी लिहायला तशी संख्या पाठ करावी लागत नाही.

छापलंय, तरी का येत नाही?

कारण कळीवर छापलेलं असतं तो नुसता रंग. कीबोर्ड कॉम्प्युटरला 'चार दाबलं' असं सांगतच नाही. तो सांगतो, "अमुक जागेवरची कळ दाबली." त्या जागेचा अर्थ काय हे कॉम्प्युटरमधला एक तक्ता ठरवतो. त्या तक्त्याला मांडणी म्हणायचं. अमेरिकी तक्ता लावलेला असेल तर रुपया छापलेल्या कळीतूनही रुपया येणार नाही. मराठीचा तक्ता लावला तर इंग्रजी अक्षरं छापलेल्या साध्या कीबोर्डवरून शुद्ध मराठी लिहिता येतं. दुकानात "मराठी कीबोर्ड आहे का?" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. विकत घ्यायचं काही नाही, तक्ता बदलायचा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेच्या पानावर 'इंग्लिश इंडिया' आणि 'मराठी' हे दोन्ही जोडून ठेवावेत आणि अमेरिकी इंग्रजी काढून टाकावं. मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता येतं.

सेवा केंद्रांवरून एक तक्रार नेहमी येते: "सर, मराठी टाइप करता करता आपोआप इंग्रजी व्हायलंय, कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय का?" व्हायरस नाही. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले तरी भाषा बदलते. घाईत शिफ्ट धरताना डाव्या हाताचा अंगठा ऑल्टवर पडला की हे होतं.

रंग आणि खरं अक्षर यांतला फरक मला फार वर्षांपूर्वी एकदा चांगलाच जाणवला. रुपयाचं चिन्ह नवीन होतं तेव्हा एक फॉन्ट सगळीकडे फिरत होता. तो टाकला की टॅबच्या वरच्या कळीतून रुपया दिसायचा. मी त्यात एका शाळेला खुर्च्या-टेबलांचं दरपत्रक करून पाठवलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. त्यांना प्रत्येक आकड्याच्या आधी एक तिरकी बारीक रेघ दिसली, कारण खरं चिन्ह तेच होतं आणि त्या फॉन्टने त्याला रुपयाचा सदरा घातला होता. दरपत्रक परत आलं, "रक्कम स्पष्ट करावी" असा शेरा मारून. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली पानंच्या पानं आज उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्याचंही कारण हेच. उजव्या ऑल्टने आलेला ₹ हा खरा रुपया असतो, युनिकोडचा स्वतःचा क्रमांक असलेला. तो ओळखणारा फॉन्ट असलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर, मोबाइलवर तो रुपयाच राहतो.

नव्या लॅपटॉपवरची नवी कळ

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कीबोर्डवर कोपायलट नावाची कळ येणार असल्याचं जाहीर केलं. १९९४ साली विंडोजची कळ आली होती, त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी झालेला हा मोठा बदल. ती दाबली की कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस उघडतो. अनेक लॅपटॉपवर ती उजव्या कंट्रोलच्या जागी बसवली आहे, म्हणून सवयीनं तिकडे बोट गेलं की भलतीच खिडकी उघडते. तुमच्या उजव्या ऑल्टचं काम तिच्यामुळे बदलत नाही. तो स्पेसबारला लागून, आणि ती त्याच्या पलीकडे.

आत डोकावलं तर ही कळसुद्धा सोबतीच्या कळींवरच उभी आहे. ती दाबली की कॉम्प्युटरला निरोप जातो तो डावा शिफ्ट, विंडोज आणि एफ-तेवीस असा. एफ-तेवीस नावाची कळ तुमच्या कीबोर्डवर दिसणार नाही, पण तिची जागा यादीत राखलेली होती.

"रु. लिहिलं तर काय बिघडलं?"

हाताने लिहिताना काहीच नाही. 'रु.' हे चांगलं मराठी आहे आणि मीही लिहितो. अडचण कॉम्प्युटरच्या हिशेबात येते. एक्सेलच्या चौकटीत रकमेआधी 'रु.' टाइप केलं तर ती चौकट मजकूर समजली जाते आणि खाली बेरीज मागितली तर ती रक्कम धरली जात नाही. विंडोजमध्ये प्रदेश भारत ठेवलेला असेल तर ₹ लावून लिहिलेली रक्कम एक्सेलला रक्कम म्हणूनच कळते. आडतीच्या पट्टीत हमाली, तोलाई अशा ओळी असतात. त्यातली एखादी बेरजेतून गळली तर शेतकऱ्याच्या किंवा आडत्याच्या खिशाला लागते.

"आता तर बोलून टाइप होतं"

होतं, आणि छान होतं. ज्यांना टायपिंग येत नाही त्यांच्यासाठी मोठी सोय झाली आहे. पण बोलून लिहिलेलं तपासावं लागतं, आणि दुरुस्ती शेवटी कीबोर्डवरच होते. सातबारावरचं नाव, आडनावातला अर्धा र, गट क्रमांक, यात एक चूक झाली तर माणसाला तहसीलच्या फेऱ्या पडतात. शिवाय सरकारी लिपिकाच्या पदासाठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग हाताने दाखवावा लागतो.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांनाही हे परकं नाही. एखादं अक्षर दाबून धरलं की त्याच्यावर आणखी चार अक्षरांची पट्टी उघडते ना, ती तिसऱ्या मजल्याचीच दुसरी तऱ्हा आहे. तिथं जागा नव्हती म्हणून सोबतीच्या कळीऐवजी वेळ धरला.

"दोन-दोन कळी धरायला हात पुरत नाहीत"

हा प्रश्न मला एका मुलानं खरोखर विचारला होता. मळणीयंत्रात त्याचा डावा हात मनगटापासून गेला होता. लिपिकाची परीक्षा द्यायची होती. उजव्या हाताने तो झपाट्याने अक्षरं मारायचा, पण शिफ्ट धरून जे दाबायचं तर दोन टोकांना एकच हात कसा पोचणार?

त्याच्यासाठी उत्तर विंडोजमध्ये आधीपासून होतं. शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबला की एक खिडकी उघडते आणि 'स्टिकी कीज' चालू करायचं का विचारते. बहुतेक जण ही खिडकी चुकून उघडते म्हणून वैतागून बंद करतात. ती चालू केली की सोबतीची कळ धरून ठेवावी लागत नाही. शिफ्ट एकदा दाबून सोडायचा, तो पुढच्या कळीची वाट बघत थांबतो. मग जे दाबायचा. आधी शिफ्ट, नंतर अक्षर, एकामागून एक, एका हाताने. पहिल्या दिवशी त्यानं 'शेतकऱ्यांना' हा शब्द ओळीने वीसेक वेळा टाइप केला, आणि एकदाही रफार आला नाही.

आपल्या मांडणीत कुठं काय ठेवलंय ते स्वतः बघायचं असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळी एकत्र दाबा. पडद्यावर चित्रातला कीबोर्ड उघडेल. आधी भाषा मराठी करा. माउसने त्यातला शिफ्ट दाबा, सगळी अक्षरं बदललेली दिसतील. तो सोडून उजवा ऑल्ट दाबा, कळींवर तिसरा मजला दिसेल. दोन्ही दाबले तर चौथा. काही खोल्या रिकाम्या दिसतील, काहींत तुम्ही कधी न वापरलेलं चिन्ह बसलेलं असेल. मांडणीगणिक हे थोडं बदलतं, म्हणून माझ्या यादीपेक्षा तुमच्या कॉम्प्युटरवर दिसेल ते कागदावर उतरवून घेतलेलं बरं. भाचीनं तसा कागद करून आडतीच्या कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर चिकटवला आहे. पहिल्या ओळीत चार आणि रुपया, दुसऱ्या ओळीत जे आणि ऱ.